बघतोय कसा, ते सांग

सानिये हानिमची, म्हणजे सानियेबाईंची, नजर काचबिंदूनं नेली, पण गुरुवारची मालिका काही त्याला नेता आली नाही. संध्याकाळी आठ वाजायच्या आत त्या कोचाच्या उजव्या कोपऱ्यात येऊन बसत, गुडघ्यांवर शाल ओढून घेत आणि शेजारची जागा हातानं चाचपत म्हणत, "बेल्किस, ये गं पोरी. बातम्या संपल्या."

आता 'पाण्याखालचा दिवा' ही मालिका म्हणजे न दिसणाऱ्या माणसाची परीक्षाच. एल्वान जहाजमालकाची मुलगी, सार्प त्याच जहाजमालकाच्या वैऱ्याचा मुलगा, आणि तिचं लग्न ठरलेलं तिसऱ्याशीच. त्यामुळे दोघांना बोलायची सोय नव्हती, बघायचीच काय ती होती. एल्वान जिन्यावर उभी राहून खाली बघायची, सार्प खालून वर बघायचा, मागे व्हायोलिन कण्हत राहायचं, आणि तेवढ्यात इकडे चहाची एक फेरी होऊन जायची.

"व्हायोलिन लागलं. म्हणजे बघतोय ना?" सानिये हानिम विचारत.

"बघतोय, आई."

"बघतोय ते कळलं. बघतोय कसा, ते सांग."

पहिल्या पहिल्यांदा बेल्किस आपली सांगायची, "प्रेमानं बघतोय."

"प्रेमानं तर खालचा बोकाही बघतो, मासळीवाल्याच्या टोपलीकडे. नीट सांग."

सासूच्या या हट्टापायी बेल्किस नीट बघायला शिकली, आणि बघता बघता सांगायलाही. एकदा सार्प नुसताच दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, तेव्हा ती हलकेच म्हणाली, "कुणाच्या दारात माणूस बूट काढून उभा राहतो ना, आई? आत या, असं कुणीतरी म्हणेल म्हणून. परत बूटही घालवत नाहीत आणि पाऊलही आत टाकवत नाही. तसा बघतोय."

खोलीत सूर्यफुलाच्या बिया सोलण्याचा कडकड आवाज चाललेला असे, तो थांबला. वरच्या मजल्यावरच्या नेव्रिये आब्लानं, सगळ्यांच्या त्या थोरल्या ताईनं, रुमालात नाक शिंकरलं. नेव्रियेच्या घरी याहून मोठा टीव्ही होता, पण ती दर गुरुवारी चपला फटफटवत खाली यायची. "चित्र माझ्याकडेही दिसतं गं," ती म्हणायची, "पण कळतं ते बेल्किसकडे." समोरच्या घरातली पिनारही यायची. ती गालिच्यावर पाय लांब पसरून बसे, नडग्यांवर उशी, उशीवर तिची तान्ही देफ्ने, आणि मालिकाभर पिनारचे पाय पाळण्यासारखे डावीउजवीकडे हलत राहत. देफ्ने झोपली की सगळ्यांनी कुजबुजतच रडायचं, असा त्या घराचा नियम होता.

हे असलं बेल्किसला सुचतं कुठून, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. निदान बेल्किसला तरी तसं वाटत होतं.

बेल्किस पडदे शिवायची. चाळिशी ओलांडली होती, केसांत चांदी यायला लागली होती, आणि नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. जेमिल ट्रक चालवायचा. मेर्सिनच्या रस्त्यावर ट्रक कडेला नीट उभा करून, ब्रेक ओढून, मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून गेला. मरतानाही कुणाला धडकला नाही, असं सानिये हानिम अभिमानानं सांगत. त्यानंतर सासूनं सुनेला माहेरी धाडलं नाही आणि सुनेनं सासूला सोडलं नाही. दारातल्या बुटांच्या कपाटात घरात घालायच्या जेमिलच्या कातडी सपाता तशाच होत्या. बेल्किस त्या दर ईदला पुसून पुन्हा ठेवायची. त्यात कुणी पाय घालत नसे.

ताहसिन त्या घरात आला तो वाऱ्यामुळे. समुद्रकाठच्या चानाक्काले गावचा वारा कुणाची भीड ठेवत नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी पोयराझ, ईशान्येचा गार वारा, असा सुटला की फेरीबोटी धक्क्याला बांधून ठेवल्या, आणि बेल्किसच्या गच्चीवरची डिश आभाळ सोडून समोरच्या बेकरीकडे तोंड करून बसली. बाजारातून ताहसिन उस्ताला बोलावणं गेलं. रेडिओ, टीव्ही, डिश, सगळं तोच दुरुस्त करी. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, पिकल्या मिशांचा विधुर माणूस. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गुलाबी प्लास्टिकच्या सपातांत त्याच्या टाचा निम्म्या बाहेर राहत आणि चालताना चटक चटक वाजत.

डिश बसवायचं काम एकट्याचं नसतं. एकानं गच्चीवर उभं राहून ती केसभर फिरवायची आणि दुसऱ्यानं खाली पडद्याकडे बघत खिडकीतून ओरडायचं.

"आलं का?" वरून तो.

"गेलं!" खालून ती.

"आता?"

"आलं! थांबा! तिथंच थांबा, हलू नका!"

अर्धा तास वाऱ्यात हे चाललं. खाली उतरल्यावर दोघांचेही घसे बसले होते. तिनं चहा दिला. चहाचा पेला त्यानं दोन्ही हातांत धरला आणि तिच्याकडे बघितलं. जेमिल चांगला माणूस होता, पण चहा देणाऱ्या हाताकडे बघून मग चहा प्यायचा, हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्यांदा डिश फिरली तेव्हा वारा होता. तिसऱ्यांदा वाऱ्याचं नावही नव्हतं. ताहसिन गच्चीवर गेला, नट बघितला आणि खाली येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. कान लाल झाले होते.

"बेल्किस हानिम, एक सांगायचंय. हा नट मागच्या खेपेला मी मुद्दाम सैल ठेवला होता."

बेल्किसनं हातातल्या फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तरी मला वाटलंच," ती म्हणाली, "काल मी पाना घेऊन वर गेले तर एवढ्या सहज कसा फिरला!"

मग दोघंही इतकी हसली, की आतून सानिये हानिमनी विचारलं, "काय झालं? चित्र आलं का?"

"येतंय, आई! येतंय!"

तेव्हापासून महिन्या-दीड महिन्यानं बेल्किसची डिश बिघडू लागली. नेव्रिये वाऱ्याला शिव्या घाली. आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, बेल्किसचा हात हातात घेऊन ताहसिन उस्ता मोठ्यानं म्हणे, "थोडं डावीकडे! हां, अजून थोडं!" त्यांचं चोरटं प्रेम ते एवढंच. एक पेला चहा, एक हात, आणि त्या हाताची ऊब शिलाई मशीन चालवताना चार दिवस पुरवायची.

पण ऊब पुरवून वापरायला माणूस काही कायमचा तयार नसतो. एप्रिल संपता संपता ताहसिन आला तेव्हा त्यानं पाना पिशवीतून काढलाच नाही.

"बुर्साहून भावाचा फोन होता. मोठं दुकान काढतोय, ये म्हणतो. मी हो म्हणालोय."

बेल्किसनं चहा गाळायचं थांबवलं.

"हो म्हणालोय, पण नाही म्हणता येईल," तो म्हणाला. "तू म्हणालीस तर. बेल्किस, मी आयुष्यभर नट घट्ट केले. या वयात आपणच घट्ट केलेले नट आपणच सैल करत हिंडायचं, याची मला लाज वाटायला लागलीय. तुझी नाही वाटत. लपण्याची वाटते."

"आईंना कसं सांगू? त्यांचा एकुलता एक मुलगा रे. त्याच्याच घरात, त्याच्याच बायकोनं… त्यांना दुसरं कोण आहे?"

"मी त्यांना सोड म्हणालो का?"

"तू नाही म्हणालास. पण लोक काय म्हणतील? औषधाच्या दुकानामागच्या सुहेलानं दुसरं लग्न केलं, तर या नेव्रिये आब्लानं तिची काय चाळण केली होती, ठाऊक आहे? 'पहिल्याच्या कबरीवरची माती वाळली नाही,' म्हणे. बारा वर्षं झाली होती! आणि त्याच संध्याकाळी एल्वानसाठी रुमाल भिजवत बसली."

ताहसिननं खिडकीबाहेर बघितलं. समोरून एक तेलवाहू जहाज सावकाश चाललं होतं.

"मालिका संपेल त्या दिवशी मी येईन," तो शेवटी म्हणाला. "तुला बोलायला जमत नाही ना? नको बोलूस. कॉफी कर. साखर असली तर मी पिईन, तुझ्या हातांना सुख लाभो म्हणेन आणि रविवारी टेम्पोत सामान भरीन. मीठ असलं…"

मागणी घालायला आलेल्या माणसाच्या कॉफीत मुलीनं मीठ घालायचं, आणि तो तोंड वाकडं न करता प्याला की समजायचं जमलं. बेल्किसनं विशीत जेमिलसाठी घातलं होतं. चिमूटभर. तेवढ्यानंही तो ठसकला होता.

"तोंड वाकडं नाही करणार?" तिनं विचारलं.

"समोरचा समुद्र कपात भरून दे. पिऊन दाखवतो."

शेवटच्या भागाच्या दिवशी सकाळपासून लोदोस सुटला. दक्षिणेकडचा हा वारा माणसांची डोकी दुखवतो आणि बायकांना भांडायला लावतो, असं म्हणतात. नेव्रिये तर दुपारीच भांडणाच्या तयारीत खाली आली.

"हे बघ बेल्किस, दोन वर्षं त्या पोरीनं तोंड उघडलं नाही. आज उघडणार. आणि ऐन वेळी तुझी ती डिश बेकरीकडे बघत बसली, तर मी गच्चीवरून उडी टाकीन. मी काय केलं, ठाऊक आहे? बाजारात गेले आणि ताहसिन उस्ताला बजावून आले. म्हटलं, रविवारी खुशाल बुर्साला जा, पण आज संध्याकाळी पाना घेऊन तिथं खुर्चीवर बसायचं. मालिका संपेपर्यंत उठायचं नाही."

"काय म्हणाले?" बेल्किसनं विचारलं. सुईत दोरा जाईना.

"काय म्हणणार? मुकाट हो म्हणाला. भला माणूस. गेल्यावर कळेल किंमत."

संध्याकाळी खोली भरली. पिनारनं भाजलेला चीजचा हलवा आणला होता, नेव्रियेनं पालक भरलेलं, थरांचं खुसखुशीत बोरेक. टीव्हीच्या वर भिंतीवर जेमिलचा फोटो होता, ट्रकच्या दाराला टेकलेला. ताहसिन दाराजवळच्या खुर्चीवर, गुलाबी सपातांत, गुडघ्यांवर पाना ठेवून बसला होता. दंतवैद्याकडे नंबर लावल्यासारखा. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता.

"डिशसाठी एवढा नटलास होय रे, उस्ता?" नेव्रियेनं टोमणा मारला.

"शेवटचा दिवस आहे ना, आब्ला," तो म्हणाला. "डिशलाही आठवण राहायला हवी."

मालिका सुरू झाली. जहाजमालकाच्या घरी साखरपुड्याचं जेवण होतं. लांबलचक टेबल, सगळं गोत जमलेलं, आणि सार्प बोलावणं नसताना येऊन दारात उभा.

"कसा बघतोय?" सानिये हानिमनी विचारलं.

बेल्किसनं पडद्याकडे बघितलं. सार्प तिला दिसतच नव्हता. डाव्या बाजूनं, दाराजवळच्या खुर्चीवरून, तिच्या गालावर ऊन पडावं तशी नजर पडलेली होती.

"बघतोय, आई," ती म्हणाली. "आता जास्त वेळ नाही, असा बघतोय."

"हं," म्हणून सानिये हानिमनी शाल सारखी केली.

पडद्यावर एल्वान खुर्ची मागे सारून उभी राहिली. बापानं काटा खाली ठेवला. "बाबा, मला काही सांगायचंय," ती म्हणाली, श्वास घेतला, ओठ उघडले, आणि कपडे धुण्याची पावडर आली.

"तुमच्या पावडरला आग लागो!" नेव्रिये कुजबुजत किंचाळली, कारण देफ्नेचा नुकताच डोळा लागला होता. "आता पंधरा मिनिटं जाहिराती! ऊठ बेल्किस, कॉफी टाक. माझी मध्यम गोड."

बेल्किस स्वयंपाकघरात गेली. लांब दांड्याच्या भांड्यात पाणी, कॉफी, मंद आच. बाहेर लोदोस खिडकीच्या फटीतून शिट्ट्या घालत होता. तिच्या समोर दोन डबे होते, एक साखरेचा, एक मिठाचा. तिनं आधी साखरेच्या डब्यावर हात ठेवला. तसंच राहिलं तर काय होईल? काहीच नाही. रविवारी टेम्पो जाईल. डिश घट्ट राहील. पुढच्या हिवाळ्यात दुसरी मालिका लागेल, दुसरी कुणी जिन्यावर उभी राहील, आणि आई विचारतील, बघतोय कसा. मग ती काय सांगेल? आठवून आठवून सांगेल. आठवणही पुरवून पुरवून वापरेल. मग एक दिवस ती म्हणेल, प्रेमानं बघतोय, आणि तेवढ्यावरच थांबेल.

तिनं मिठाचा डबा उघडला. चिमूट नाही, चमचा घेतला. भरून.

मीठ घातलेला कप तिनं तबकात अशा बेतानं ठेवला, की दारातून आत शिरताच पहिला हात ताहसिनचा पोचावा. त्याला कळेल, तो पिईल, उठून जाईल आणि बुर्साला फोन करील. बाकी सगळं पुढे हळूहळू बघता येईल. कुणाला कळायचं कारण नाही. आजच्या पुरतं एवढं धाडस पुष्कळ झालं, असं तिनं स्वतःला समजावलं.

पण त्या कपातल्या कॉफीला फेस फार सुरेख आला होता. आणि नेव्रिये जाहिरातींना कंटाळून पाय मोकळे करायला दाराशीच उभी होती.

"अगं बाई, फेस बघ!" म्हणत तिनं तबकातून नेमका तोच कप उचलला, आणि बेल्किस "अहो, तो नको" म्हणेपर्यंत निम्मा पिऊनही टाकला.

नेव्रियेचे डोळे आधी मोठे झाले, मग मिटले, आणि कॉफीचा एक फवारा थेट बोरेकवर गेला.

"मीठ! मीठ घातलंय गं यात!"

टीव्हीवर कुणीतरी गाडी विकत होतं, तेवढाच आवाज. कॉफीत मीठ कधी घालतात, हे तिथं प्रत्येकीला ठाऊक होतं, कारण प्रत्येकीनं एकदा घातलं होतं. आणि त्या खोलीत पुरुष एकच होता.

सगळ्या माना वळल्या. ताहसिन खुर्चीवरून अर्धवट उठला होता. पाना गालिच्यावर पडला होता. ठरवायचं ते तिनं, हे त्यानंच सांगितलं होतं.

"डबा चुकला असेल हो," पिनार हळूच म्हणाली. चांगल्या मनाची पोर. तिनं बेल्किसकडे सुटकेची वाट उघडून दिली. "शेजारी शेजारी असतात डबे. माझंही होतं असं."

एवढंच म्हणायचं होतं. हो गं, डबा चुकला. सगळ्या हसल्या असत्या, नेव्रियेनं चूळ भरली असती, दुसरी कॉफी झाली असती. बेल्किसनं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग कोचाच्या उजव्या कोपऱ्याकडे. सानिये हानिम मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या.

"डबा चुकला नाही," बेल्किस म्हणाली. तिनं तबक टेबलावर ठेवलं. "मीठ मीच घातलं. मुद्दाम घातलं. चुकला तो कप, आब्ला. तुमचा नव्हता तो. द्या इकडे."

नेव्रियेनं मंतरल्यासारखा कप दिला. बेल्किस खोली ओलांडून गेली आणि तो दाराजवळच्या खुर्चीपुढे धरला.

"घे. तुझा आहे."

ते "तुझा" ऐकून पिनारचे हलते पाय थांबले.

ताहसिननं कप दोन्ही हातांत धरला. आधी तिच्याकडे बघितलं, मग प्यायला लागला. एका दमात, तळाच्या गाळासकट. कपाळावर आठी नाही, ओठाला मुरड नाही. रिकामा कप त्यानं असा बशीत ठेवला, की जणू त्याच्याइतकी गोड कॉफी अख्ख्या चानाक्कालेत कुणी केली नव्हती.

तेवढ्यात जाहिराती संपल्या. व्हायोलिन सुरू झालं. "बाबा," एल्वान म्हणाली.

"बंद करा गं तिचा आवाज," सानिये हानिम म्हणाल्या.

"अहो, पण आता ती सांगतेय!" नेव्रियेला राहवलं नाही.

"त्या पोरीचं उद्या पुन्हा दाखवतील. माझ्या पोरीचं पुन्हा दाखवणार नाहीत. बंद कर."

नेव्रियेनं रिमोट दाबला. पडद्यावर एल्वान नुसतेच ओठ हलवत राहिली.

"बेल्किस, इकडे ये. बस." जागा चाचपली गेली. बेल्किस जाऊन बसली. "आता सांग. तो बघतोय कसा?"

"आई…"

"दोन वर्षं त्या सार्पचं सांगतेस. याचं सांगायला काय झालं? मला दिसत नाही. सांग."

बेल्किसनं वर बघितलं. ताहसिन तिथंच उभा होता, गुलाबी सपातांतून टाचा बाहेर, मिशीला कॉफीचा गाळ लागलेला.

"वादळात बोट धक्क्याला लागत नाही ना, आई," ती म्हणाली. "चार वेळा दोर फेकतात, चार वेळा सुटतो. मग एकदा खुंटाला बसतो. आणि ज्यानं फेकला तो उभाच राहतो, दोराकडे बघत. खरंच बसला का, म्हणून. ओढूनही बघवत नाही त्याला. तसा बघतोय."

कुणीतरी हुंदका दिला. ती नेव्रिये निघाली.

सानिये हानिमनी सुनेचा हात शोधून हातात घेतला. "मला ठाऊक नाही, असं वाटलं होय तुला? डोळे गेलेत माझे, कान नाही. याचं पाऊल घरात पडायच्या आधी टीव्ही नीट चाललेला असतो. तू गच्चीवर जाऊन येतेस आणि मग तो बिघडतो. मग चटक चटक सपाता येतात, त्या गच्चीवर जातच नाहीत, स्वयंपाकघरात थांबतात. आणि तिथून ओरडतात, डावीकडे! अरे उस्ता, माझ्या स्वयंपाकघरात डावीकडे फक्त कांद्याची टोपली आहे."

पिनारनं तोंडावर हात दाबला. ताहसिनचे कान पेटले होते.

"आणि ते सोड," त्या म्हणाल्या, आता हळू. "कुणी आपल्याकडे तसं बघितल्याशिवाय तसं बघणं सांगता येत नाही. माझा जेमिल सोन्यासारखा होता. पण त्यानं तसं बघितलं ते ट्रककडे. मी त्याची आई आहे, मला ठाऊक नाही? मी दर गुरुवारी वाट बघायचे, की आज तरी तू सांगशील. सार्पचं नाव घेऊन सांगत होतीस. मग म्हटलं, तिला धीर येईपर्यंत आपण विचारत राहू."

बेल्किसनं सासूच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि सहा वर्षांत रडली नव्हती तशी रडली, पण ते रडणं वेगळं होतं. ताहसिन पुढे आला, गालिच्यावर गुडघे टेकले, सानिये हानिमच्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावला.

"सानिये हानिम, माझ्या बाजूनं बोलायला वडीलधारं कुणी नाही. मीच बोलतो. अल्लाचा हुकूम आणि पैगंबरांचा शब्द स्मरून, तुमची मुलगी बेल्किस मला द्या."

"सून आहे माझी."

"मघाशी तुम्हीच मुलगी म्हणालात."

"चुरुचुरू बोलतोय की!" सानिये हानिम हसल्या. "देते. पण अट आहे. ही घराबाहेर जाणार नाही, तूच आत येणार. नाहीतर मला मालिका कोण सांगेल?"

"येतो."

"दुसरी अट. उद्या सकाळी ती डिश एकदाची घट्ट बसव. वेल्डिंग कर. माझं निम्मं आयुष्य पडद्यावरच्या त्या मुंग्या बघण्यात… ऐकण्यात गेलं."

त्यावर सगळ्यांना ओरडायचं होतं, पण देफ्ने अजून झोपलेली होती. म्हणून त्यांनी दोन्ही हात वर करून, तळवे एकमेकांना न लावता, हवेतच टाळ्या वाजवल्या. पिनारनं ओठ मुडपून, जीभ आवरून, मुका जल्लोष केला. नेव्रिये मात्र पाण्याचा तिसरा पेला घेऊन उभी होती.

"काय हो आब्ला?" बेल्किसनं डोळे पुसत विचारलं. एक क्षण तिला सुहेला आठवली. "आता उद्या माझी चाळण का?"

नेव्रियेनं पेला खाली ठेवला. तिचाही चेहरा जरा उतरला. "त्या सुहेलाकडे मी उद्या हलवा घेऊन जाईन," ती म्हणाली. आणि मग तिला तिचा नेहमीचा सूर सापडला. "पण एक सांगून ठेवते. निम्मं मीठ माझ्या पोटात गेलंय. रीतीनं निम्मा नवरा माझाच. माझी डिश फुकट बसवायची!"

"बसवतो, आब्ला," ताहसिन म्हणाला आणि उठला. सपाता चटक वाजल्या.

"थांब," सानिये हानिम म्हणाल्या. "बेल्किस, कपाटातल्या जेमिलच्या सपाता आण."

बेल्किस हलली नाही.

"आण गं. कातडं आहे, पायात राहिलं तर टिकतं. नुसतं पुसून किती दिवस टिकणार?"

त्या सपाता बेल्किसनं आणून ताहसिनच्या पायांशी ठेवल्या, जोडीनं, पुढे तोंड करून. त्यानं गुलाबी सपाता काढून बाजूला सरकवल्या आणि एक एक पाय हळूच आत घातला, पाणी किती गार आहे ते बघावं तसा. मग दोन पावलं चालला. चटक वाजलं नाही. मऊ, जड, घरातल्या माणसाची पावलं वाजतात तशी वाजली.

सानिये हानिमनी मान कलती करून ती ऐकली.

"बसल्या?" त्यांनी विचारलं.

"जरा मोठ्या होतात."

"होतील बरोबर."

बाहेर लोदोस अजून घोंगावत होता, पण डिश जागची हलली नव्हती. मुक्या पडद्यावर जेवणाचं टेबल उलटं पडलेलं होतं, बाप उभा होता, सार्प उंबरा ओलांडून आत आला होता, आणि एल्वान हसत होती की रडत होती ते सांगता आलं नसतं. नेव्रियेला आता धीर धरवेना.

"अगं, तिनं काय सांगितलं शेवटी? बापानं काय केलं? बेल्किस, सांग ना, काय चाललंय?"

"हो, सांग," सानिये हानिमनी शाल गुडघ्यांवर ओढली. "ती एल्वान आता काय करतेय?"

"ठाऊक नाही, आई," बेल्किस म्हणाली. "मी तिकडे बघत नाहीये."